एकाच सूत्राचे अनेक थर

बंगळुरूच्या लालबागेत नेच्याचं पान निरखून पाहा. प्रत्येक पर्णिका म्हणजे जणू अख्ख्या पानाची छोटी आवृत्ती! फ्रॅक्टलचं लक्षण हेच.

बेन्वा मांडेलब्रो यांनी १९८० मध्ये संगणकावर अभ्यासलेला संच असाच. शून्यापासून सुरुवात करायची, संख्येचा वर्ग करून त्यात ठरावीक संख्या मिळवायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. उत्तर शून्यापासून २ पेक्षा दूर किती फेऱ्यांत जातं, त्यावरून त्या ठरावीक संख्येच्या ठिपक्याचा रंग ठरतो.

‘अल्ट्रा फ्रॅक्टल’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच गणित अनेक लेयरमध्ये रंगवता येतं. एका लेयरवर फेऱ्यांचे रंग, दुसऱ्यावर सूक्ष्म रेषा. लेयर एकमेकांत मिसळण्यासाठी ‘मल्टिप्लाय’ निवडलं की दोन्ही लेयरच्या उजळपणाचा (० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा) गुणाकार होतो: ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून चित्र गडद होतं. ‘स्क्रीन’मध्ये तेच मूल्य ०.७५ होऊन उजळतं. मास्क लावून नको तो भाग झाकता येतो.

फोटोच्या लेयरमध्ये ठिपके साठवलेले असतात, इथे सूत्र असतं. त्यामुळे झूम केल्यावर प्रत्येक लेयर नव्याने मोजला जातो आणि बारकावे धूसर न होता नवे उमलतात. गणित आवडणाऱ्या मुलांच्या हाती हे साधन जरूर द्या. सूत्र समजून घ्यायची ओढ त्यातूनच लागेल.