वाद सोडवण्याची पदवी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांधाची सरी, भावकीतली वाटणी, कालव्याचं आवर्तन: अहिल्यानगर जिल्ह्यात वादांना तोटा नाही. तरीही संघर्ष निराकरणात एम.ए. केलेल्या मुलाला घरचेच विचारतात, ‘याची नोकरी कुठं लागणार?’ प्रशिक्षक किंवा सल्लागार म्हणून काम करू पाहणाऱ्यांनी पुढचे गैरसमज आधीच बाजूला ठेवलेले बरे.

गैरसमज १: पदवी म्हणजे मध्यस्थीचा परवाना.

वस्तुस्थिती: वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात, दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात किंवा घरी बसून इग्नूतून या क्षेत्रातलं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रात मध्यस्थ म्हणून बसायचं, तर मात्र ४० तासांचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि यादीत नाव यावं लागतं. पदवी शिकवते ती पद्धत: वादात कोणाकोणाचे हितसंबंध आहेत, मागणीमागची खरी गरज कोणती आणि बोलणी नेमकी कुठं अडली, हे शोधण्याची. प्रशिक्षण आणि सल्ल्याच्या कामात हीच पद्धत विकली जाते.

गैरसमज २: मध्यस्थ निवाडा देतो.

वस्तुस्थिती: न्यायाधीश निकाल देतो, लवाद निवाडा देतो; मध्यस्थ यातलं काहीच देत नाही. तोडगा पक्षकारांनीच काढायचा असतो. गावातल्या वजनदार माणसाच्या शब्दाखातर गप्प बसलेला भाऊ पुढच्या पेरणीला पुन्हा बांधावर उभा राहतो, त्याचं कारण हेच. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. पण चांगुलपणा हे प्रशिक्षण नव्हे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकणं, समझोता स्पष्ट शब्दांत लिहून घेणं, सहा महिन्यांनी तो पाळला जातोय का हे पाहणं, या गोष्टी शिकवाव्या लागतात.

गैरसमज ३: असलं काम मुंबई-पुण्यातच मिळतं.

वस्तुस्थिती: या जिल्ह्यातली नावाजलेली गावं पाण्याइतकीच वाटाघाटींवर उभी आहेत. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दरवर्षी पावसाची नोंद आणि पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरतात. आकडा सगळ्यांसमोर असला की भांडणाला जागा कमी उरते. फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये उभ्या केलेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या कामातही चराईबंदी हा नाजूक विषय होता. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावात ज्या डोंगरावर झाडं वाढवायची, त्याच डोंगरावर मेंढपाळाचं पोट असतं. इथं चर कसे खणायचे हे जाणणाऱ्याइतकीच बैठक चालवू जाणणाऱ्याचीही गरज पडते.

कारखान्यांतही मागणी आहे. सुपा आणि नागापूर एमआयडीसीत दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. समितीवर बाहेरचा एक जाणकार सदस्य असतो आणि कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी असते.

गैरसमज ४: बोलून कुठलंही प्रकरण मिटतं.

वस्तुस्थिती: सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) इथली हत्याकांडं ‘वाद’ नव्हती. जातीय अत्याचार आणि खून यांची जागा फौजदारी न्यायालयात. तिथं समेटाची भाषा करणं म्हणजे पीडितांवर दबाव आणणं. लैंगिक छळाच्या प्रकरणातही समेट फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच होऊ शकतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही.

काही वाद चर्चेपेक्षा नियमाने हलतात. मुळा, भंडारदऱ्यातून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षं ताण आहे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये निकष ठरवला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. हा निकष आणि आवर्तनाचं वेळापत्रक ठाऊक नसलेल्या सल्लागाराचं शेतकरी पाच मिनिटंही ऐकून घेणार नाही. म्हणून पदवीसोबत पाणी, सहकार, कामगार कायदा यांपैकी एका विषयाचं सखोल ज्ञान हवं.

गैरसमज ५: एक दिवसाचं भाषण दिलं की प्रशिक्षण झालं.

वस्तुस्थिती: टाळ्या भाषणालाही मिळतात. प्रशिक्षण म्हणजे त्या ठिकाणचाच एखादा प्रसंग घेऊन मुकादमाला कामगाराची आणि कामगाराला मुकादमाची बाजू वठवायला लावणं आणि नंतर पुन्हा जाऊन काय बदललं ते तपासणं.

गैरसमज ६: फी देतो तो आपला पक्ष.

वस्तुस्थिती: व्यवस्थापनाने पैसे दिले की कामगार तुम्हाला व्यवस्थापनाचा माणूस समजणार, हे धरूनच चालावं. म्हणून काम घेण्यापूर्वीच लेखी ठरवा: अहवाल कोणाकोणाला मिळेल, कोणाचं बोलणं गोपनीय राहील, कोणती प्रकरणं तुम्ही हातात घेणार नाही. ही अट ज्या मालकाला मान्य नसेल, त्याचं काम नाकारलेलंच बरं, कारण या जिल्ह्यात पुढचं काम जाहिरातीवर नव्हे, दोन्ही बाजूंच्या माणसांनी तुमच्याबद्दल काढलेल्या शब्दावर मिळतं.