गुडघ्याची वाटी कां फुटते?

कबड्डी किंवा फुटबॉल खेळतांना पाय रुतून गुडघा पिळवटला, म्हणजे पुष्कळदां त्याच्या आंतील पुढचा अस्थिबंध तुटतो. तो नवा बसविण्याच्या एका पद्धतींत शल्यवैद्य वाटीखालील जाड बंधाचा मधला, सुमारें १० मिलिमीटर रुंदीचा पट्टा काढून घेतात. त्याच्या एका टोकास वाटीच्या व दुसऱ्यास नडगीच्या हाडाचा तुकडा असतो. हाड हाडाशीं लवकर जुळतें, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु ज्या वाटींतून तुकडा घेतला ती कांहीं महिने दुबळी राहते. खांचेचे कोपरे तीक्ष्ण असल्यास सर्व ताण तेथेंच एकवटतो. कांच कापणारा नुसता ओरखडा काढून ती हवी तेथें मोडतो, त्यांतलाच हा प्रकार. मग तोल सांवरतांना मांडीचा स्नायु एकदम आंवळला, तरी न पडतांही वाटी दुभंगूं शकते. म्हणून खांच उथळ ठेवितात, कोपरे गोलसर करितात व हाडाचा चुरा तींत भरितात. दुखणें थांबतांच मुलगा धांवावयास उतावीळ होतो; येथें पालकांनीं कठोर व्हावें, असें आम्हांस वाटतें.

हा अपघात क्वचितच घडतो. तुकडे जागेवरच असल्यास पाय सरळ बांधून ठेवणें बहुधा पुरतें. सरकले असल्यास ते तारेनें वा स्क्रूनें जखडावे लागतात.