जुन्या फोटोतील मोटार काय सांगते?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास खेळू लागले आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू भागात ऊस उभा राहिला. उसामागून पैसा आला, पैशामागून मोटार आली. पुढे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखाना उभारला व वालचंदनगर वसले. याच वालचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली. तेव्हा या भागातील एखाद्या जुन्या ट्रंकेत मोटारीजवळ उभे राहून काढलेला फोटो सापडला, तर नवल नाही.

अशा फोटोवर साल बहुधा नसते. ते शोधण्याला येथे विशेष महत्त्व आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील अनेक गावांची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. तेथील चावडी, पार, बाजारपेठ आता फोटोतच पाहायची. फोटोखाली चुकीचे साल लिहिले गेले, तर तोच पुढे गावाचा इतिहास होऊन बसतो.

मोटारीवरून साल कसे काढायचे? प्रथम काही खुणा पाहू.

चाके : सुरुवातीच्या बहुतेक मोटारींच्या चाकांना बैलगाडीसारखे लाकडी आरे असत. नंतर तारेचे आरे व पुढे पत्र्याची चाके रूढ झाली.

दिवे : आरंभी कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ला विजेचे पुढचे दिवे १९१५ पासून मिळाले. सुटे दिवे मडगार्डमध्ये बसवण्याची पद्धत १९४० च्या सुमारास सर्वत्र पसरली.

रेडिएटर : ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. तिचा रेडिएटर चकचकीत पितळी असेल तर ती १९१६ पर्यंतची. काळा असेल तर त्यानंतरची.

ब्रेक : ‘मॉडेल टी’च्या पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते. १९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’ला चारही चाकांचे ब्रेक होते. पुढच्या चाकाच्या तुंब्याजवळ ब्रेकचा गोल डबा दिसतो का, हे भिंगातून पाहावे.

काही खुणा मात्र फसव्या असतात. समोर हँडल लोंबते म्हणून मोटार फार जुनी ठरत नाही. विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत १९१२ मध्ये आला, तरी अडचणीसाठी हँडलची सोय पुढे कित्येक वर्षे होती. रंगाचेही तसेच. त्या काळच्या पुष्कळशा काचा व फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला संवेदनशील, पण तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे लाल मोटार फोटोत काळी दिसते. जुन्या फोटोंत कपाळावरचे कुंकू काळे दिसते ते याच कारणाने.

आता थोडे गणित. ‘मॉडेल टी’च्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २५४ सेंटिमीटर आणि टायरसह चाकाचा व्यास सुमारे ७६ सेंटिमीटर. म्हणजे गुणोत्तर ३.३. फोटो लहान असो वा मोठा, बाजूने घेतला असेल तर हे गुणोत्तर बदलत नाही. मोटार तिरकी उभी असेल तर चाक लंबवर्तुळाकार दिसते. पण चाकाची रुंदी ज्या प्रमाणात आखडते, त्याच प्रमाणात आसांतील अंतरही आखडते. म्हणून चाकाची उंची न घेता आडवी रुंदी घ्यावी. समजा, फोटोत आसांतील अंतर ६६ मिलिमीटर, चाकाची उंची २४ व रुंदी २० मिलिमीटर आहे. ६६ ला २० ने भागले की ३.३ मिळतात. मात्र कॅमेरा पुरेसा दूर हवा आणि पुढची चाके वळलेली नकोत. गुणोत्तर जुळले म्हणजे मोटार ओळखली असे नव्हे. न जुळणाऱ्या मोटारी मात्र यादीतून गळतात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. मोटारीचे साल म्हणजे फोटोचे साल नव्हे. मोटार वीस-तीस वर्षेही चालते. तिच्यावरून एवढेच ठरते की, फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही. ही खालची मर्यादा. फोटोतील सर्वांत नवी वस्तू ही मर्यादा ठरवते. लाकडी आऱ्यांच्या मोटारीवर ‘एमएच-१२’ अशी पाटी असेल, तर फोटो १९८९ नंतरचाच. कारण ही क्रमांकपद्धती नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर तेव्हा आली.

वरची मर्यादा इतरत्र शोधावी लागते. कल्पना करू की, पळसदेवच्या जुन्या गावठाणात नांदत्या बाजारपेठेत काळ्या रेडिएटरची ‘मॉडेल टी’ उभी आहे. मोटार म्हणते, १९१६ च्या आधी नाही. मागे मडगार्डमध्ये दिवे असलेली दुसरी मोटार दिसते. ती खालची मर्यादा १९४० च्या आसपास ओढून आणते. आणि उजनीचे पाणी सांगते, १९८० च्या नंतर नाही. आता शेजारी उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा कोण, हे गावातील वृद्धांना विचारावे. तो १९३८ चा जन्मलेला निघाला, तर फोटो १९४८ च्या आगेमागे येतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. मुलांनी घरचा एक जुना फोटो आणावा आणि प्रत्येक खुणेपुढे ‘याआधी नाही’ किंवा ‘यानंतर नाही’ असे लिहावे. साल नेमके न निघाले तरी चालेल. ‘१९४० ते १९५५’ हे उत्तर अंदाजाने ठोकलेल्या एका सालापेक्षा अधिक शास्त्रीय आहे. मिळालेली माहिती फोटोची प्रत काढून तिच्यामागे मऊ पेन्सिलीने लिहावी. हे काम मात्र लवकर करायला हवे. कारण फोटो कपाटात टिकतात, त्यातली माणसे ओळखणारे डोळे तितके टिकत नाहीत.