सायकलचे चाक आणि खरे अंतर

शर्यतीच्या फलकावर ‘दहा किलोमीटर’ असे लिहिले म्हणजे मार्ग तेवढा असतोच, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परंतु 1981 साली न्यूयॉर्क शहराच्या मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार ह्याने 2 तास 8 मिनिटे 13 सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. पुढे मार्ग पुन्हा मोजला असता तो सुमारे दीडशे मीटर कमी भरला आणि उच्चांक गेला. धावणाऱ्याचा दोष तिळमात्र नव्हता. म्हणून हे माप कसे घेतात, ते आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावे असे आम्हांस वाटले.

हे माप सायकलने घेतात. न्यूयॉर्क संस्थानातील अ‍ॅलन जोन्स ह्या गृहस्थांनी 1971 साली पुढच्या चाकास बसविण्याचे एक लहानसे आकडायंत्र काढले. चाकाच्या एका फेऱ्यात त्यावर सुमारे वीस आकडे पुढे सरकतात. ह्या यंत्रास अंतर मुळीच कळत नाही. कळतात ते केवळ चाकाचे फेरे. एक फेरा म्हणजे जमिनीवर किती लांबी, हे आपणच त्यास शिकवावयाचे, आणि शिकविलेला धडा दुसऱ्या दिवशी कामास येत नाही! (रिक्षाच्या मीटरचेही असेच आहे. टायर झिजले की चाक लहान होते, फेरे वाढतात, आणि भाडे देणाऱ्यास ते कळतही नाही.)

शिकविण्याची रीत अशी. सरळ व सपाट रस्त्यावर पोलादी फितीने निदान 300 मीटरांची रेषा आखून दोन्ही टोकांस खिळे ठोकतात. फितीवरील खुणा 20 अंश सेल्सियस उष्णतेस खऱ्या धरलेल्या असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात 40 अंशांवर तापलेली फीत लांबते, आणि 300 मीटरांत सुमारे 7 सेंटिमीटरांची चूक होते. ती गणिताने दूर करावी लागते. मग त्या रेषेवरून सायकलस्वार चार वेळा जातो व प्रत्येक वेळचे आकडे टिपतो. मार्ग मोजतानाही तोच स्वार हवा, कारण अंगच्या वजनाने टायर दबते.

समजा, सकाळी 300 मीटरांस 3,300 आकडे पडले. म्हणजे किलोमीटरास 11,000 झाले. त्यांत हजारी एक, म्हणजे 11 आकडे, मुद्दाम अधिक मिळवितात. मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरांत ही भर सुमारे 42 मीटरांची होते. धावणाऱ्यास ती जाचक वाटेल खरी. परंतु केलेला उच्चांक हातचा जाण्यापेक्षा ती बरी, असे आमचे मत आहे.

नंतर धावणारा ज्या जवळात जवळच्या वाटेने जाऊ शकेल त्याच वाटेने, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर राखून, सर्व मार्ग मोजावयाचा. आणि काम संपताच पुन्हा त्या रेषेवर येऊन चार खेपा घालावयाच्या. येथेच खरी गंमत दिसते. दुपारी आकडे 3,300 न पडता 3,297 पडतात! उन्हाने टायरमधील हवा तापून तिचा दाब वाढला, चाक किंचित मोठे झाले, तेव्हा फेरे कमी झाले. हा फरक दहा किलोमीटरांत 9 मीटरांचा होतो. सकाळचा आकडा खरा की दुपारचा? चाक सारा वेळ वाढतच होते, म्हणून दोहोंपैकी मोठा आकडा घेणे हा सावधपणाचा मार्ग होय. मध्येच टायर पंक्चर झाले, तर मात्र सकाळचा खटाटोप व्यर्थ समजावा.

ही दक्षता आमच्या प्रांतास अपरिचित नाही. झीरो माइलचा स्तंभ ज्या महामोजणीची आठवण देतो, तिचा आरंभ विल्यम लॅम्बटन ह्यांनी 1802 साली मद्रासजवळ केला. पहिली पायारेषा मोजताना त्यांनी शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी उष्णतामापके मांडली होती. आणि तिच्याशी ताडून पाहण्याकरिता एक दुसरी साखळी निराळी राखली होती. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे.