तीस दिवसांच्या करारावर जागा झालेला रस्ता

सिडनीच्या उत्तरेला सुमारे 160 किलोमीटरवर, हंटर नदी समुद्राला मिळते तिथे न्यूकॅसल हे ऑस्ट्रेलियाचं जुनं बंदर आहे. हंटर खोऱ्यातला कोळसा इथूनच जहाजात चढतो, आणि कोळशाच्या निर्यातीत हे बंदर जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत मोडतं. 1915 मध्ये बीएचपी कंपनीचा पोलाद कारखाना इथे सुरू झाला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा दिवस त्या कारखान्याच्या पाळ्यांवर उगवला आणि मावळला. कामगाराच्या हाती पडलेला पगार खर्च व्हायचा तो हंटर स्ट्रीटवर. कपडे, बूट, फर्निचर, सिनेमा, सगळं त्या एका रस्त्यावर मिळे.

2008 साली त्याच रस्त्यावर आणि त्याच्या आसपास मार्कस वेस्टबरी या तरुणाने रिकाम्या इमारती मोजल्या. त्या दीडशेच्या घरात भरल्या. वेस्टबरी मूळचा न्यूकॅसलचाच. 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘धिस इज नॉट आर्ट’ या तरुण कलावंतांच्या महोत्सवामागे तो होता. पुढे तो मेलबर्नला गेला आणि तिथे त्याने दूरचित्रवाणीसाठी कलेवर मालिका केली. आपल्या गावात एखादी छोटीशी जागा घेऊन काहीतरी सुरू करावं, असं त्याच्या मनात आलं. चौकशी करू लागला तेव्हा एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. जागा ढिगाने रिकाम्या होत्या, पण भाड्याने द्यायला कुणी तयार नव्हतं. काही ठिकाणी तर मालक कोण, हेच कळायला मार्ग नव्हता.

या एका कोड्यातून ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही संस्था जन्माला आली. कलावंतांनी ओस रस्ते जिवंत केल्याच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात आणि त्यांत रंगवलेल्या भिंतींचं कौतुक फार होतं. न्यूकॅसलचं मोठेपण त्याआधीच्या पायरीवर आहे. तिथे सगळ्यात आधी एक करार नव्याने लिहिला गेला.

रस्ता ओस का पडला

28 डिसेंबर 1989 रोजी न्यूकॅसलला 5.6 तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात 13 माणसं दगावली आणि शहराच्या मध्यभागातल्या अनेक जुन्या इमारतींना तडे गेले. त्या दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक थांबलं नाही. उपनगरांत ऐसपैस पार्किंग असलेले मॉल होते, खरेदी तिकडे वळली. 1999 मध्ये बीएचपीने पोलाद कारखाना बंद केला. मधल्या काळात हंटर स्ट्रीटवरच्या बऱ्याच मालमत्ता मोठ्या विकासकाच्या हाती गेल्या. त्या पाडून नवं संकुल उभारायचा बेत होता, पण 2008 च्या जागतिक आर्थिक संकटात तो बेत बाजूला पडला. जुनं चालत नव्हतं आणि नवं येत नव्हतं, अशा अवस्थेत रस्ता अडकला.

मग मालक कमी भाड्यात जागा का देत नव्हते? त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं वागणं हिशेबीच होतं. व्यापारी इमारतीची किंमत तिच्यातून मिळू शकणाऱ्या भाड्यावर ठरते. निम्म्या भाड्याने गाळा दिला की कागदावर इमारतीची किंमत उतरते आणि त्या किमतीवर घेतलेल्या कर्जाचं गणित बिघडतं. गाळा रिकामा ठेवला तर जुनं, फुगलेलं भाडं निदान कागदावर टिकून राहतं. शिवाय न्यू साउथ वेल्सच्या तेव्हाच्या कायद्यात किरकोळ दुकानाच्या भाडेपट्ट्याची मुदत साधारणपणे किमान पाच वर्षांची धरलेली होती. उद्या चांगला खरेदीदार आला आणि आत पाच वर्षांचा भाडेकरू बसलेला असला, तर व्यवहार हातचा जाणार. म्हणून कुलूप लावलेलं बरं! एकेका मालकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं होतं. अनेक मालकांनी ते एकाच वेळी केलं आणि शहराच्या मध्यवर्ती पेठेचं जगणंच थांबलं.

करारातली युक्ती

वेस्टबरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इथे भाडेपट्टा सोडून परवान्याची वाट धरली. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. 1947 च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या छायेत भाडेकरूचा हक्क पक्का झाला, पागडी वाढली आणि मालक जागा द्यायला बिचकू लागले. त्यातून आपल्याकडे अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार घरोघरी पोहोचला. त्यात जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाही. न्यूकॅसलमध्ये हीच कल्पना आणखी आखूड करून वापरली गेली. मुदत तीस दिवसांची, ती पुढे सरकत राहणारी. मालकाला जागा हवी झाली की त्याने तीस दिवसांची सूचना द्यायची आणि कलावंताने ती निमूटपणे रिकामी करायची.

मालक आणि कलावंत यांच्यामध्ये ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही ना-नफा कंपनी उभी राहिली. मालक तिला जागा वापरू देत, आणि ती निवडलेल्या कलावंतांना आत घेई. सार्वजनिक दायित्वाचा विमा कंपनीने काढला. त्यामुळे दुकानात कुणी घसरून पडलं तर भुर्दंड मालकावर येणार नव्हता. कलावंताने नाममात्र रक्कम भरायची, जागा झाडून-पुसून वापरण्याजोगी करायची आणि ठरलेल्या वेळी दार उघडं ठेवायचं. जिथे आधी दुकान होतं तिथे दुकानासारखाच वापर करायचा, म्हणजे इमारतीच्या वापरबदलाच्या परवानग्यांचं लचांड मागे लागत नाही. भिंती पाडायच्या नाहीत, महागडी सजावट करायची नाही. उद्या निघायची वेळ आली तर सामान सहज हलवता आलं पाहिजे.

वेस्टबरीने हा विचार संगणकाच्या भाषेत मांडला. शहराच्या इमारती आणि रस्ते म्हणजे हार्डवेअर, तर नियम, करार, परवाने आणि विमा म्हणजे सॉफ्टवेअर. नवं हार्डवेअर बांधायला कोट्यवधी रुपये आणि कैक वर्षं लागतात. सॉफ्टवेअर त्या मानाने स्वस्तात आणि लवकर बदलता येतं. 2015 मध्ये त्याने ‘क्रिएटिंग सिटीज’ या पुस्तकात हा सगळा अनुभव लिहिला.

शटर वर गेल्यावर

2009 च्या सुरुवातीपासून एकेक शटर वर जाऊ लागलं. कुणी दागिने घडवणारी, कुणी हाताने कपडे शिवणारी, कुणी छायाचित्रकार, कुणी छोट्या पुस्तिका छापणारा. यातले बरेच जण आधी घरातल्या एखाद्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये काम करत होते. आपला माल विकला जाईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती आणि पाच वर्षांच्या भाड्याची हमी देण्याची ऐपतही नव्हती. तीस दिवसांच्या करारात त्यांना चूक करायला परवडू लागलं. धंदा बसला तर महिनाभरात बाहेर पडायचं, चालला तर पुढे जायचं. काही जण खरोखरच पुढे जाऊन पुऱ्या भाड्याचे दुकानदार झाले.

2011 मध्ये डेव्हिड जोन्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरने हंटर स्ट्रीटवरची आपली शाखा बंद केली. एरवी असा धक्का पेठेला बसला की तिचा शेवट होतो. इथे त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ‘द एम्पोरियम’ या नावाने कलावंतांची छोटी छोटी दुकानं थाटली गेली. त्याच सुमारास ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासमार्गदर्शकाने 2011 सालासाठी निवडलेल्या जगातल्या पहिल्या दहा शहरांत न्यूकॅसलचं नाव झळकलं आणि तिथल्या कलाजीवनाची आवर्जून दखल घेतली. कोळसा आणि पोलादाच्या गावाला हे नवं होतं. संस्थेच्या आयुष्यात दोनशेहून अधिक उपक्रमांना तिने जागा मिळवून दिली. याच नमुन्यावर ‘रिन्यू ऑस्ट्रेलिया’ उभी राहिली आणि ही पद्धत देशातल्या इतर शहरांत गेली.

मेलबर्नच्या मागच्या गल्ल्या

मेलबर्नची गोष्ट याहून जुनी आणि सावकाश घडलेली. 1837 मध्ये रॉबर्ट हॉडलने या शहराची चौकटीची आखणी केली. मुख्य रस्ते सुमारे तीस मीटर रुंद आणि त्यांच्या मधले छोटे रस्ते दहा मीटरचे. पुढे मोठ्या भूखंडांचे तुकडे पडले, तसा मागच्या बाजूला गल्ल्यांचा जाळीदार पसारा वाढला. या गल्ल्या मालाच्या गाड्यांसाठी, कचऱ्यासाठी आणि मैला वाहून नेण्यासाठी होत्या. गिऱ्हाइकाने तिथे पाऊल ठेवावं अशी अपेक्षाच नव्हती.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मंदीने मध्य मेलबर्नमधली कचेऱ्यांची दालनं रिकामी पडली. महापालिकेने 1992 मध्ये ‘पोस्टकोड 3000’ ही योजना आणली आणि रिकाम्या कार्यालयांची घरं करायला उत्तेजन दिलं. माणसं मध्यभागात राहायला आली. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांनी महापालिकेसाठी 1994 आणि 2004 मध्ये शहराच्या पादचारी जीवनाची पाहणी केली. जिथे चालता येतं आणि काहीतरी घडत असतं, अशा गल्ल्यांची लांबी या दहा वर्षांत सुमारे 300 मीटरवरून तीन किलोमीटरच्या वर गेली. 2001 पासून महापालिका दरवर्षी कलावंतांना खास गल्ल्यांसाठी कलाकृती करायला बोलावू लागली. होझियर लेनच्या भिंतींवर रंगांचे थर चढत गेले. डेग्रेव्हस स्ट्रीटवर कॉफीची टेबलं मांडली गेली. 2004 मध्ये एका गल्लीला ‘एसी/डीसी’ या रॉक बँडचं नाव मिळालं.

या मार्गात ठेचाही लागल्या. 2010 मध्ये होझियर लेनमधलं बँक्सी या ब्रिटिश कलावंताचं उंदराचं चित्र पालिकेच्याच सफाई कामगारांनी रंगाखाली घालवलं. काय पुसायचं आणि काय जपायचं, याची शिस्त प्रशासनाला शिकावी लागते. ती एका फर्मानाने येत नाही.

ससून डॉकवरची चित्रं

आपल्याकडे या वाटेवरचं सर्वांत ठळक पाऊल मुंबईच्या ससून डॉकवर पडलं. 1875 मध्ये बांधलेल्या या गोदीत आजही पहाटे मासळीचा बाजार भरतो. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तिथल्या जुन्या गोदामात आणि आवारात देशोदेशीच्या कलावंतांना काम करायला बोलावलं. ऑस्ट्रेलियाच्या गिडो व्हान हेल्टेनने तिथल्या भिंतींवर कोळणींची भव्य चित्रं रंगवली. आपल्या देशातल्या एका छोट्या गावात वापराबाहेर गेलेल्या धान्यकोठारांवर शेतकऱ्यांचे चेहरे रंगवून नावाला आलेला हा कलावंत मुंबईत आला आणि मासे निवडणाऱ्या बायकांना त्याने भिंतीइतकं मोठं केलं. एरवी वासाचं नाव काढून गोदीकडे पाठ फिरवणारे मुंबईकर तिथे रांगा लावून आले.

पण मुंबईजवळ गिरणगावाचीही आठवण आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. मोकळ्या पडलेल्या शेडमध्ये कामगार, कारागीर आणि कलावंत यांना थोडाफार वाव देता आला असता. तो विचार व्हायच्या आत जमिनीचा भाव बोलू लागला.

कलावंताच्या पदरात काय

‘रिन्यू न्यूकॅसल’ने 2019 मध्ये काम थांबवलं. तोवर विद्यापीठाची नवी इमारत हंटर स्ट्रीटवर आली होती, ट्राम धावू लागली होती, विकासकांचे प्रकल्प सुरू झाले होते. या सगळ्याचं श्रेय एका संस्थेला देणं अन्यायाचं ठरेल. पण रिकाम्या जागा फारशा उरल्या नाहीत, म्हणून जागा देणाऱ्या संस्थेचं काम संपलं, हे तिच्या यशाचंच माप आहे.

मात्र त्याच यशात एक बोच आहे. रस्ता नावाला येतो, भाडी चढतात, आणि ज्याच्यामुळे रौनक आली त्यालाच सर्वांत आधी निघावं लागतं. तीस दिवसांच्या कराराची ताकद त्याच्या आखूडपणात आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. म्हणून या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक शहराने दुसरी पायरी आधीच बांधून ठेवायला हवी: काही जागा कलावंतांसाठी परवडणाऱ्या भाड्यात कायम राखाव्यात, आणि ज्यांचा धंदा तग धरतो त्यांना दीर्घ मुदतीचा करार मिळण्याची वाट असावी. कलावंताला फुकट रंगारी समजून बोलावणं आणि भाव वाढला की त्याला बाहेर काढणं, ही शहराची कृतघ्नता आहे.

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पालिकेने बांधलेल्या व्यापारी संकुलांतले गाळे वर्षानुवर्षं कुलपात आहेत. लिलावाला प्रतिसाद नाही, अनामत परवडत नाही, म्हणून ते पडून राहतात. लीव्ह अँड लायसन्सची पद्धत आपल्याला पाठ आहे, चित्रकार, विणकर, नाटकवाले, छोटे प्रकाशक आणि कारागीर आपल्याकडे मुबलक आहेत. पालिकांनी यातले मोजके गाळे विम्यासह, स्पष्ट अटींवर, अल्प मुदतीने त्यांना देऊन पाहावेत. आणि वाचकहो, तुमच्या गावात असा एखादा बंद गाळा रोज नजरेस पडत असेल, तर आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: तो कुणाच्या मालकीचा आहे आणि तो उघडायला नेमकं काय आड येतं आहे? न्यूकॅसलची सुरुवात याच प्रश्नाने झाली होती.