मूकपटातील पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

आमच्या बडोद्याच्या कलाभवनात १८९० साली धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक तरुण शिकावयास आला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून या दादासाहेबांचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पडद्यावर स्त्री म्हणून प्रथम उभ्या राहिलेल्या मायलेकींची ओळख आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. त्यांचे चरित्र स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, तेव्हा तारामतीसाठी दादासाहेबांना स्त्री मिळाली नाही. नाटकात काम करणे कुलीन घरी निषिद्ध होतेच. पण समाजाने ज्यांना आधीच दूर लोटले होते, अशा स्त्रियांनीही या नव्या धंद्यास नकार दिला. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत रुळलेलीच होती. मात्र नाटकात प्रेक्षक दूर बसतो आणि गोड गळा पुष्कळ काही झाकून नेतो. मूकपटात गळा नाही, भाषण नाही. मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्या तेवढ्या कथा सांगतात. बाकी सारे काम चेहऱ्याने व हातांनी करावयाचे.

त्याच वर्षी दादासाहेबांनी ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. कमलेचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षांच्या आसपास. कथेतील मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेले विष्णूच. पुरुषांनीच स्त्रीरूप घ्यावे, असा परिपाठ असलेल्या त्या काळात हे मायारूप साकारावयास एक खरीखुरी मुलगी पुढे आली, ही मौजच म्हणावयाची!

हे धाडस हौसेतून आले नव्हते. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या आणि मुलीचे पोट भरावयाचे होते. त्या काळी एकट्या बाईला मानाने मिळवण्याच्या वाटा फार थोड्या. म्हणून त्यांनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली व लोकनिंदा सोसली. गावोगाव हिंडणाऱ्या बिऱ्हाडातच कमला वाढली आणि लहानपणीच रंगभूमीवर उभी राहिली. गाणे तिला अवगत होते. पण मूकपटात त्याचा उपयोग नव्हता. उपयोगी पडला तो प्रेक्षकांसमोर वावरून आलेला धीटपणा.

पुढे कमलाबाईंचा विवाह नट व गायक रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. चित्ताकर्षक नाटक मंडळीत दोघांनी कामे केली. परंतु कमलाबाईंच्या ऐन तारुण्यातच रघुनाथराव वारले आणि तीन मुलगे पदरात राहिले. आईवर आलेला प्रसंग लेकीवरही आला. कमलाबाईंनी तोंडाला रंग लावणे सोडले नाही. नाटकांत त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाणी दिली, मूकपटातील कितीएक नटनट्या त्यानंतर मागे पडल्या, पण बोलण्यागाण्यात मुरलेल्या कमलाबाईंना तो बदल जड गेला नाही. १९८० सालच्या ‘गहराई’ या हिंदी चित्रपटातही त्यांनी काम केले. त्यांच्या वृद्धपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट काढला.

त्यांच्या मुलांपैकी लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले आणि चंद्रकांत गोखले नामांकित नट झाले. चंद्रकांतरावांचे पुत्र विक्रम गोखले २०२२ साली निवर्तले. आपल्या मिळकतीतून चंद्रकांतरावांनी अपंग सैनिकांसाठी देणग्या दिल्या, ही गोष्ट आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, तेव्हा प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्री पडद्यावर आली म्हणून मोठा गवगवा झाला. तो योग्यच होता. पण त्याच्या एकोणीस वर्षे आधी ती वाट दोन निराधार मायलेकींनी तुडवून ठेवली होती. ‘पहिली नटी’ हा मान कमलाबाईंना एका चित्रपटाने दिला. परंतु आमच्या मते त्यांचा खरा पराक्रम पुढील आयुष्यातला आहे. ज्या धंद्याला लोक नावे ठेवीत, त्याच धंद्यावर एका विधवेने तीन मुले वाढविली आणि कुणापुढे हात पसरला नाही.