बक युइंग

विल्यम 'बक' युइंग (१७ ऑक्टोबर १८५९ – २० ऑक्टोबर १९०६) हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू, कर्णधार आणि संघव्यवस्थापक होता. त्याचा जन्म ओहायो राज्यातील होगलंड या गावी झाला. १८८० ते १८९७ या काळात तो ट्रॉय, न्यू यॉर्क, क्लीव्हलंड आणि सिनसिनाटी या शहरांच्या संघांकडून खेळला. कॅचर म्हणून त्याच्या पिढीत त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू नव्हता, असे बहुतेक समकालीनांचे मत होते. १९३९ मध्ये त्याची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. फलंदाजीची कारकिर्दीतील सरासरी .३०३, एकूण १,३१५ सामने आणि १,६२५ फटके हे त्याचे आकडे चांगले असले, तरी डोळे दिपवणारे नाहीत. त्याची थोरवी जाणून घ्यायची, तर त्या काळी कॅचरचे काम काय होते, हे आधी पाहावे लागते.

त्या काळचा कॅचर

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाजाच्या मागे, होम प्लेटपाशी राहून तो चेंडू झेलणारा खेळाडू म्हणजे कॅचर. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते, पण दोघांच्या कामात मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये चेंडू बहुधा टप्पा पडून यष्टिरक्षकाकडे येतो आणि वेगवान गोलंदाजीच्या वेळी तो बराच मागे उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट येतो. सुरुवातीच्या काळात कॅचरही मागे उभे राहून टप्प्यानंतर चेंडू घेत आणि गरज पडली तरच पुढे सरकत. स्पर्धा वाढली तसे सतत फलंदाजाच्या लगत राहणे त्यांना भाग पडू लागले.

युइंग व्यावसायिक मैदानात उतरला तेव्हा पिचर आणि होम प्लेट यांतील अंतर ४५ फूट होते. १८८१ मध्ये ते ५० फूट झाले. तोवर चेंडू खालच्या हातानेच फेकावा लागे. १८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्यावरून फेकण्यास मोकळीक दिली आणि चेंडूचा वेग बराच वाढला. तोंडावरची जाळी १८७०च्या दशकात प्रचारात आली होती आणि छातीचे संरक्षक कवच रूढ होऊ लागले होते. पायांवर मात्र काहीच नसे. हातमोजे पातळ चामड्याचे आणि बहुधा बोटे उघडी ठेवणारे असत. बोटे मोडणे, सांधे निखळणे, नखे उपटणे या दुखापती या कामात नेहमीच्याच होत्या. त्यामुळे कोणताही कॅचर रोज खेळू शकत नसे आणि संघांना दोन-तीन कॅचर बाळगावे लागत. युइंगच्या १,३१५ सामन्यांपैकी कॅचर म्हणून खेळलेले सामने ६३६, म्हणजे निम्म्यालाही थोडे कमीच आहेत. आज हा आकडा लहान वाटतो, परंतु तेव्हाच्या परिस्थितीत तो मोठा होता. कॅचरच्या कामातून हातांना विश्रांती हवी असली, तरी त्याला बाकावर बसवणे संघाला परवडत नसे, कारण तो उत्तम फलंदाज होता. त्या दिवसांत त्याला अन्यत्र उभे करीत. अशा रीतीने तो मैदानातील नऊही जागांवर खेळला. पिचर म्हणूनही त्याने काही सामन्यांत काम केले.

फेक आणि मोजा

पहिल्या बेसवरील धावपटू पिचरच्या फेकीबरोबर दुसऱ्या बेसकडे पळतो, तेव्हा त्यास 'बेस चोरणे' म्हणतात. त्याला ९० फूट धावायचे असते, तर कॅचरला सुमारे १२७ फुटांवर चेंडू पोहोचवायचा असतो. तोही आधी झेलून. एकोणिसाव्या शतकातील बेसबॉलमध्ये होम रन विरळ असत आणि धावा बेस चोरूनच जमवाव्या लागत. म्हणून ही एक फेक अनेकदा सामन्याचे पारडे फिरवी. सर्वसाधारण कॅचर चेंडू घेऊन सरळ उभा राही, पाऊल टाकी, हात मागे नेई आणि मग फेकी. युइंग वाकलेल्या स्थितीतूनच, हात फारसा मागे न नेता, मनगट आणि कोपराच्या झटक्याने चेंडू फेकत असे. त्यात वाचलेला क्षण धावपटूला महाग पडे. समकालीन वर्णनांत त्याच्या फलंदाजीपेक्षाही या फेकीचा उल्लेख अधिक आढळतो.

भरपूर भराव घातलेला, उशीसारखा मोठा मोजा लोकप्रिय करण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. १८८८च्या सुमारास तो असा मोजा वापरू लागला. या मोज्याचा शोध कोणी लावला याविषयी अनेक दावे आहेत आणि युइंगला शोधक म्हणणे योग्य ठरणार नाही. एवढे मात्र खरे की, इतक्या नावाजलेल्या खेळाडूच्या हातात तो दिसल्यावर इतरांना तो वापरण्यात कमीपणा वाटेनासा झाला. हात न सोलता खेळणे हे नाजूकपणाचे लक्षण मानणाऱ्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

ट्रॉय ते न्यू यॉर्क

सप्टेंबर १८८० मध्ये ट्रॉय ट्रोजन्स संघाकडून त्याने नॅशनल लीगमध्ये पदार्पण केले. ट्रॉय हे न्यू यॉर्क राज्यातील छोटे शहर होते. १८८२च्या हंगामानंतर लीगने त्या संघाला वगळले आणि त्याची जागा न्यू यॉर्क शहराला दिली. ट्रॉयचे युइंग, रॉजर कॉनर आणि मिकी वेल्च हे खेळाडू नव्या संघात आले. पुढे हाच संघ 'जायंट्स' या नावाने प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये युइंगने १० होम रन काढून नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. १८८४ मध्ये सर्वाधिक, म्हणजे २० ट्रिपल (ज्या फटक्यावर फलंदाज थेट तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचतो तो) त्याच्या नावावर होते.

१८८७ मध्ये जॉन माँटगोमेरी वॉर्डने कर्णधारपद सोडल्यावर ते युइंगकडे आले. त्याच्या नेतृत्वाखाली जायंट्सने १८८८ आणि १८८९ अशी सलग दोन वर्षे नॅशनल लीग जिंकली. त्या काळी नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन यांच्या विजेत्यांत 'जागतिक अजिंक्यपदा'साठी मालिका होई. तीतही जायंट्सने पहिल्या वर्षी सेंट लुईसवर आणि दुसऱ्या वर्षी ब्रुकलिनवर मात केली.

याच काळातील एक आख्यायिका पुष्कळ सांगितली जाते. सामना बरोबरीत अडकलेला असताना युइंगने दुसरा आणि तिसरा बेस चोरला, मग आपण आता होम प्लेटही चोरणार असे मोठ्याने जाहीर केले आणि खरोखरच घसरत जाऊन विजयी धाव मिळवली. प्रसंग नेमका असाच घडला असो वा नसो, तो लोकांना खरा वाटे, यावरून युइंगविषयीच्या जनमताची कल्पना येते.

१८९० चे बंड

युइंगच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त भाग मैदानाबाहेरचा आहे. तत्कालीन करारांतील 'राखीव कलमा'मुळे करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. मालकाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. १८८५ मध्ये खेळाडूंनी वॉर्डच्या पुढाकाराने आपली संघटना उभारली. १८८८च्या अखेरीस मालकांनी खेळाडूंची पाच श्रेणींत वर्गवारी करून वेतनावर १,५०० ते २,५०० डॉलरची मर्यादा घातली. त्या वेळी वॉर्ड बेसबॉलच्या प्रचारार्थ निघालेल्या जागतिक दौऱ्यावर होता. (हा दौरा ऑस्ट्रेलियाहून कोलंबोमार्गे युरोपात गेला.) परतल्यावर बंडाची तयारी सुरू झाली आणि १८९० मध्ये खेळाडूंनी आठ संघांची स्वतंत्र 'प्लेयर्स लीग' स्थापली. जायंट्सचे बहुतेक नामवंत खेळाडू तिच्यात गेले. न्यू यॉर्कच्या नव्या संघाचा खेळाडू-व्यवस्थापक युइंग झाला. त्याचा धाकटा भाऊ जॉन हा पिचर म्हणून त्याच संघात होता, त्यामुळे कित्येकदा भाऊ फेकतो आहे आणि भाऊच झेलतो आहे, असे दृश्य दिसे.

हंगामाच्या मध्यास युइंग जुन्या पक्षाच्या लोकांना गुप्तपणे भेटल्याची बातमी फुटली. तो परत जाण्याच्या वाटाघाटी करीत आहे, असा अर्थ सहकाऱ्यांनी घेतला. त्याने आरोप नाकारला आणि तो शेवटपर्यंत नव्या लीगमध्येच राहिला. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच. मोठी रक्कम देऊ केली असताही साथीदारांना न सोडणारा किंग केली हा दुसरा नामांकित खेळाडू त्याच हंगामात लोकांच्या कौतुकाचा धनी झाला. या तुलनेत युइंगची बाजू पडली. त्याच्याविषयी एवढे म्हणता येईल की, लीग टिकेल की नाही ही शंका तेव्हा त्याच्या एकट्याच्या मनात नव्हती, आणि ती खरीही ठरली. भांडवलदारांनी हात आखडता घेतला व एका हंगामातच प्लेयर्स लीग बंद पडली.

उत्तरार्ध

१८९१ मध्ये युइंग जायंट्सकडे परतला, परंतु फेकीचा हात दुखावल्यामुळे त्या वर्षी तो जेमतेम १४ सामने खेळला. कॅचर म्हणून त्याची कारकीर्द येथेच जवळपास संपली. १८९३च्या प्रारंभी जायंट्सने त्याला क्लीव्हलंडकडे पाठवून मोबदल्यात तरुण जॉर्ज डेव्हिसला घेतले. तेथे बाह्यक्षेत्रात खेळताना युइंगने .३४४ ची सरासरी राखली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याची फलंदाजी शाबूत होती, गेला होता तो हात.

१८९५ ते १८९९ तो सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक होता. संघाने बहुतेक वर्षी चांगली कामगिरी केली, पण अजिंक्यपद मिळाले नाही. १९०० मध्ये जायंट्सने त्याला व्यवस्थापक म्हणून बोलावले. मात्र हंगाम अर्धा होण्यापूर्वीच त्याला जावे लागले आणि त्याची जागा, ज्याच्या मोबदल्यात त्याला एकदा देऊन टाकले होते, त्याच डेव्हिसने घेतली. पुढे मधुमेहाच्या आजाराने सिनसिनाटी येथे वयाच्या ४७व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

मूल्यमापन

१९१९ मध्ये क्रीडापत्रकार फ्रान्सिस रिक्टर याने आजवरच्या तीन सर्वश्रेष्ठ खेळाडूंत टाय कॉब आणि होनस वॅग्नर यांच्याबरोबर युइंगचे नाव घेतले. १९३६ मध्ये एकोणिसाव्या शतकातील खेळाडूंसाठी हॉल ऑफ फेमचे पहिले मतदान झाले, तेव्हा तो आणि कॅप ॲन्सन समान मतांनी यादीच्या शिखरावर होते, मात्र आवश्यक तेवढी मते कोणालाच मिळाली नाहीत. तीन वर्षांनी एका समितीने दोघांचीही निवड केली.

त्यानंतरच्या पिढ्यांत त्याचे नाव मागे पडले, कारण त्याची मुख्य कामे मोजलीच गेली नव्हती. त्याच्या नावावरील ३५४ चोरलेले बेस १८८६ पासूनचे आहेत, आधीच्या सहा हंगामांची नोंदच नाही. शिवाय १८९८ पूर्वी सहकाऱ्याच्या फटक्यावर जादा बेस घेणेही चोरीत धरले जाई, म्हणून त्या आकड्याची आजच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. आणि त्याच्या फेकीच्या धास्तीने जे धावपटू पहिल्या बेसवरून हललेच नाहीत, ते कोणत्याच नोंदवहीत सापडत नाहीत.